लावणीपूर्वीचे आठ आठवडे

पत्राचा सारांश, नाव-गाव वगळून: राजापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वय ५१. घरी सासूबाई, यजमान आणि त्या, मुलगा-सून मुंबईला. तीस गुंठे भातशेती, थोडी आंब्याची कलमं. गेल्या जुलैत लावणीच्या चौथ्या दिवशी तरवा (लावणीची भाताची रोपं) काढून उठताना कमरेत अशी चमक भरली की शेजारणींनी धरून घरी आणलं. तीन आठवडे अंथरुणात गेले. दुखणं उतरलं, पण पुरतं गेलं नाही. कमरेत आणि डाव्या कुल्ल्यात दुखतं, कधी मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत येतं. दिवाळीत मुलाने मुंबईत एमआरआय करून घेतला. त्यात 'एल ४–एल ५ मधली गादी फुगलेली, मणक्यांची झीज' असं आलं, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली मऊ उशी. एका डॉक्टरांनी पुढेमागे ऑपरेशन लागेल म्हटलं. दुसऱ्यांनी पट्टा दिला, वाकणं आणि ओझं उचलणं बंद करायला सांगितलं. तेव्हापासून ताई झोपेतही पट्टा काढत नाहीत, खाटेवरची गादी काढून चटईवर निजतात, विहिरीवर जाणं सोडलंय. सासूबाई म्हणतात, पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाचा पाय पाठीला लावून घे. मुलगा म्हणतो, शेत पडीक ठेवा आणि इकडे या. यजमान म्हणतात, "तुला झेपेल तसं कर." ताई विचारतात, "माझी पाठ गेलीच आहे, तर शेत सोडून मुंबईला जाऊ, की दुखणं अंगावर काढून यंदाची लावणी करून टाकू?"

ताई,

तुम्ही विचारलेल्या दोन्ही वाटा एकाच वाक्यावरून फुटतात: पाठ गेलीच आहे. हे तुम्हाला दुखण्याने सांगितलं की रिपोर्टाने, ते आधी पाहू. पत्रावरून मला तरी पाठ गेलेली दिसत नाही. ती दुखरी आहे, धास्तावलेली आहे आणि दिवाळीपासून काम न मिळाल्याने दुबळी झाली आहे. या तिन्हींवर उपाय आहे.

त्याआधी मात्र काही प्रश्न, ज्यांची उत्तरं तुम्हालाच ठाऊक. लघवी अडकते का, किंवा झालेली कळत नाही असं होतं का? बसायच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का? दोन्ही पायांतली शक्ती कमी झाली आहे का, किंवा एक पाऊल लटकं पडून चप्पल निसटते का? यातलं काहीही 'हो' असेल तर पुढचं वाचू नका, आजच मोठ्या रुग्णालयात जा. मज्जातंतूंवर दाब आला असेल तर तासांचा हिशोब असतो. ताप राहतो, वजन उतरतंय, रात्री दुखण्यानेच जाग येते, असं असेल तर मणक्याचा क्षय आणि इतर आजार तपासायला हवेत. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो. पाळी जाऊन काही वर्षं झाली असतील आणि एखाद्या किरकोळ पडण्यानंतर पाठीत अचानक तीव्र दुखू लागलं असेल, किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर ठिसूळ झालेला मणका दबला आहे का हे साध्या एक्स-रेवर दिसतं. आणि एक प्रश्न बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत: अंग (गर्भाशय) बाहेर येतं का? त्यानेही कंबर ओढल्यासारखी दुखते, संध्याकाळी जास्त. त्यावरचा इलाज पाठीचा नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडचा आहे.

तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून पुढे जाते.

आता तो रिपोर्ट. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली आणि कंबर दुखते, म्हणून फुगलेल्या गादीनेच कंबर दुखते, असं तुम्ही धरलं आहे. डॉक्टरांनीही तसं धरू दिलं असावं. पण कधीच पाठ न दुखलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर काय दिसतं? २०१५ साली अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या, अजिबात दुखणं नसलेल्या माणसांत सुमारे ८० टक्क्यांच्या गाद्यांची झीज झालेली होती आणि सुमारे ६० टक्क्यांची गादी फुगलेली होती. विशीतल्या निरोगी मुलांतही जवळजवळ तिघांत एकाची गादी फुगलेली सापडते. म्हणजे तुमच्या वाडीतल्या धडधाकट बायकांना रांगेत उभं करून तपासलं, तर निम्म्याहून जास्त जणी तुमच्यासारखाच कागद घेऊन घरी येतील. जुन्या घराचा फोटो काढला तर जुनी कौलं दिसणारच. गळतं कुठे ते फोटोत दिसत नाही.

रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो तुमच्या वयाचा दाखला जास्त आहे आणि दुखण्याचा पुरावा कमी. कंबरदुखीच्या दहांपैकी साधारण नऊ जणांमध्ये कुठल्या एका हाडाकडे, गादीकडे किंवा शिरेकडे बोट दाखवून 'हेच कारण' असं सांगता येत नाही. तरीही त्यातले बहुतेक जण बरे होतात. गादी मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती चकतीसारखी निसटून बाहेर पडत नाही. तिचा भाग बाहेर आला तरी पुष्कळांमध्ये शरीर तो काही महिन्यांत स्वतःच आकसून टाकतं.

ऑपरेशनबद्दल इतकंच. गादीचं ऑपरेशन मुख्यतः पायातल्या कळेसाठी असतं, कंबरेच्या दुखण्यासाठी त्याचा भरवसा कमी. कळ गुडघ्याच्या खाली, पोटरी-पावलापर्यंत जाते, कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, दीड-दोन महिने नीट उपचार करूनही उतार नाही, किंवा पायातली शक्ती जातेय, तेव्हा त्याचा विचार होतो. तुमची कळ गुडघ्यापाशी थांबते. 'पुढेमागे लागेल' या वाक्याला घाबरून आज काही सोडायचं कारण नाही.

दुसरं गृहीत विश्रांतीचं. तीन आठवडे झोपून काढलेत, ते कोणी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. आमच्या आधीच्या पिढीतले डॉक्टर सर्रास हेच सांगत. पण १९८६ मध्ये अमेरिकेत एक सरळ तुलना झाली: काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात. बरं व्हायला दोघांनाही सारखाच वेळ लागला, फक्त दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. त्यानंतर जगभर सल्ला बदलला. चमक भरल्यावर एक-दोन दिवस, आणि तेही अधूनमधून उठत, पुरे. त्यापुढे अंथरूण पाठीच्या स्नायूंना दुबळं करतं आणि मनाला सांगत राहतं की हललीस तर मोडशील.

पट्ट्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं हे दोन्ही नेहमीचे उपचार म्हणून वापरू नका असं म्हटलं आहे. पट्टा बांधून एखाद्या दिवशी धीर येत असेल तर त्याने अपाय नाही. झोपेत मात्र तो काय धरून ठेवतो? आज रात्रीपासून झोपताना काढा. दोन आठवड्यांनी घरातल्या कामाला काढा. लावणीच्या दिवशी हवासा वाटला तर बांधा, चिखलात भिजून जड होईल तेव्हा तुम्हीच सोडाल.

आणि ती गादी परत खाटेवर घाला. 'कडक जमिनीवर निजलं की पाठ सरळ राहते' हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की त्याविरुद्ध बोलायला मला जरा धीर गोळा करावा लागतो. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या माणसांना तीन महिने दोन प्रकारच्या गाद्यांवर झोपवून पाहिलं, निकाल २००३ मध्ये छापून आला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त उतरलं. घरची कापसाची गादी, फार खोल गेलेली नसेल तर, चांगली. शिवाय पावसाळ्यात जमिनीवरून उठताना रोज पहाटे पहिलंच काम कमरेला लावायचं, ते कशाला?

आता खरं कारण. मला विचाराल तर ते दोन ठिकाणी आहे: लावणीच्या चिखलात आणि तुमच्या सकाळच्या पहिल्या तासात.

लावणीत आपण गुडघे जवळजवळ ताठ ठेवून कंबरेतून वाकतो आणि तसेच राहतो. पूर्ण वाकून लोंबकळलं की पाठीचे मोठे स्नायू जवळपास काम थांबवतात आणि वरच्या अंगाचा भार मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर, जातो. म्हणून तर जुन्या बायका म्हणतात की वाकलेलं असताना काही वाटत नाही, उठताना जीव जातो. अस्थिबंध तासन्‌तास ताणलेले राहिले की सैल पडतात आणि उठल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. त्यातच आपण झटक्याने उठतो, ओल्या मातीसकट तरव्याचा भारा उचलतो आणि तो फेकायला वळतो. पाय चिखलात रुतलेले, त्यामुळे पावलं फिरत नाहीत, सगळं वळण कमरेत येतं. तुमची चमक नेमकी तिथेच भरली. तो क्षण वाईट होता, पण तयारी चार दिवस चाललेली होती. आणि लावणीसारखं काम वर्षातून एकदाच येतं, अंगाला ते नवंच असतं.

सकाळचं असं आहे. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टम्म होतात आणि उठल्यानंतरचा पहिला तास-दीड तास वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो. ज्यांना सकाळी लवकर वाकणं टाळायला शिकवलं त्यांचं दुखणं कमी झालं, असा एक अभ्यास १९९८ चा आहे. आता आपल्या बायकांची सकाळ आठवा. केर, खळ्यात सडा, गोठ्यातलं शेण, न्हाणीपाशी रात्रीची भांडी, विहिरीवरून दोन कळशा. वाकायची जेवढी कामं आहेत तेवढी आपण त्याच तासात कोंबून ठेवली आहेत, कारण उजाडायच्या आत अंगण झाडलेलं दिसलं पाहिजे. कोणाला दिसलं पाहिजे, हा प्रश्न मी सासूबाईंना विचारत नाही, तुम्हाला विचारते. उठल्यावर चुलीवर चहा ठेवा, फुलं काढा, बांधापर्यंत चालून या, उभ्याने होणारं काय ते करा. केर तासाभराने काढा, आणि हिराच्या झाडूला छातीपर्यंत येईल असा दांडा बांधून घ्या. भांडी उंच कट्ट्यावर घासायची सोय झाली तर फारच बरं.

मुंबईचं काय? मुलाची काळजी खरी आहे, ती झिडकारू नका. तिथे डॉक्टर जवळ आहेत, पाणी नळाला आहे. पण तो ज्याला आराम म्हणतो तो मला नीट दिसतो: चौथ्या मजल्यावरची खोली, सोफा, टीव्ही, दुपारी झोप, आणि सूनबाई कामावरून येईपर्यंत बोलायला कोणी नाही. कंबरदुखी आणि बैठं, एकटं, कंटाळलेलं आयुष्य यांचं फार जमतं. झोप बिघडली, मन उतरलं, हातचं काम गेलं की तेच दुखणं जास्त दुखतं. हे मनाचे खेळ नाहीत, मेंदूच दुखण्याचा आवाज कमीजास्त करत असतो. पुढे कधी मुंबईला जायचं ठरलं तर नातवंडांसाठी जा, पाठीसाठी जाऊ नका. गेलात तर रोज बाहेर चालायला जाईन, असं आधीच ठरवून जा.

दुखणं अंगावर काढून सगळी लावणी एकटीने ओढणं, ही दुसरी वाटही मला मान्य नाही. इथे यजमानांचं वाक्य पुन्हा वाचा. "तुला झेपेल तसं कर" हे ऐकायला प्रेमाचं आहे, पण त्यात काम तुमचंच राहतं, वर फक्त परवानगी मिळते. झेपलं नाही तर कोण करणार, हे त्यात कुठेच नाही. तुम्ही एकदा बसून ते उघड विचारा. तरवा वाहून खाचरात टाकणं यंदा त्यांच्याकडे, हे लावणीच्या आदल्या रात्री ठरवायचं नसतं, मे महिन्यातच ठरतं. वाडीत एकमेकींच्या शेतात आळीपाळीने जायची पद्धत अजून असेल तर तुमच्या बदल्यात काय देता येईल ते मोकळेपणाने बोला: दुसऱ्यांच्या शेतात तुम्ही जेवण कराल, मुलं सांभाळाल, त्या तुमच्याकडे दोन दिवस वाकतील. मजुरी द्यावी लागली तर मुलाला सांगा. तिकिटं काढून तुम्हाला मुंबईला नेण्यापेक्षा त्याला ते स्वस्त पडेल.

आणखी एक पर्याय आहे, ज्याबद्दल पाठीच्या डॉक्टरांनी बोलावं अशी तुमची अपेक्षा नसेल. भात लावलंच पाहिजे असं नाही. कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राईस तंत्र रायगडात आणि इतरत्र शेतकरी वापरतात. त्यात कायमचे गादीवाफे करून साच्याने भोकं पाडतात आणि थेट बी टोकतात. चिखलणी नाही, तरवा नाही, लावणी नाही. टोकतानाही वाकावं लागतं, पण कोरड्या-ओलसर जमिनीवर, पाय मोकळे ठेवून, आणि लावणीपेक्षा बरंच कमी. अडचणी आहेत: वाफे आधी करून ठेवावे लागतात, तणाचा बंदोबस्त वेळेवर करावा लागतो, नाहीतर रान भाताच्या वर जातं. म्हणून तीस गुंठ्यांवर एकदम नको. कृषी सहायकांना विचारून यंदा एखाद्या खाचरात करून बघा. जमलं तर पुढच्या वर्षी वाढवा.

आज मे महिना आहे. तुमच्याकडे लावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात धरली तर हातात साधारण आठ आठवडे आहेत. एवढ्यात पाठ पैलवानाची होत नाही, पण जुलैत दगा देणार नाही इतकी होते.

सुरुवात चालण्याने करा. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या माणसांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. न चालणाऱ्यांपैकी निम्म्या जणांचं दुखणं ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं परत यायला २०८ दिवस लागले. औषध नाही, खर्च नाही. तुम्ही दहा मिनिटांनी सुरू करा, सपाट रस्त्यावर, उन्हं चढायच्या आत. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घाटी चढून देवळापर्यंत. घरात चाललं तर चालतं का, असं पुष्कळ जणी विचारतात. घरात चालताना माणूस दर दोन मिनिटांनी काहीतरी उचलायला वाकतो, म्हणून बाहेर जा.

त्याबरोबर तीन-चार हालचाली, दिवसातून एकदा, संध्याकाळी. चटईवर हात-गुडघ्यांवर राहून पाठ हळू वर उचला, हळू खाली सोडा, दहा वेळा. उताणं पडून गुडघे वाकवून कंबर जमिनीवरून उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा. स्टुलावरून हात न टेकता उठा-बसा. आधी आठ वेळा, मग वाढवा, कारण लावणीत कमरेचं काम मांड्यांनी घ्यायचं असेल तर मांड्या तयार हव्यात. आणि वाकायचा सराव: पाठीला लांब काठी लावून, डोकं, पाठ आणि माकडहाड तिघांनाही काठी टेकलेली ठेवून, गुडघे सैल सोडून कुल्ले मागे न्यायचे. कंबरेऐवजी कुल्ल्याच्या सांध्यातून वाकणं ते हेच. पहिल्या आठवड्यात ते अगदी परकं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यापासून विहिरीवर परत जा. कळशीत दोन-तीन लिटर पाणी, तेवढंच. कळशी अंगाजवळ धरायची. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. दुखलं तर? थोडं दुखेल. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली बसतं, त्याला घाबरायचं कारण नाही. त्याहून वाढलं किंवा पायात जास्त खाली उतरलं तर दोन पावलं मागे, दोन दिवस, आणि पुन्हा सुरुवात. ज्यांना हे एकटीने जमत नाही त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीनदा शिकून घ्यावं. मशीनचा शेक घ्यायला रोज एसटीने जाऊ नका, व्यायाम शिकायला जा.

लावणीचे दिवस. सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वाकायचं नाही. मग उभं राहा, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुका, बांधावरून एक फेरी मारा. लोक हसतील, हसू द्या. एक कोपर मांडीवर टेकवून दुसऱ्या हाताने लावलं की कमरेवरचा भार पुष्कळ उतरतो. बाजू बदलत राहा. तरवा काढायला पाट किंवा उपडा डबा घेऊन बसा. मुठी लहान बांधा, भारा अर्धा करा, आणि वळायचं असेल तर आधी पाय चिखलातून उपटा. पहिल्या दिवशी दोनच तास, भले अंगात जोर असला तरी. आणि पाणी प्या. शेतात आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ होते, ताप येतो, कुशीत दुखतं, आणि त्याचाही दोष कमरेला जातो.

एक सूचना सगळ्याच घरांसाठी. लावणीच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला, डोकं ठणकतंय, पोटऱ्या आणि कंबर हात लावू देत नाहीत, डोळे लाल झालेत, तर तो शीण समजू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि शेतात उतरत होते हे डॉक्टरांना सांगा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि आरोग्यसेविका प्रतिबंधक गोळ्या देत असतील तर त्या घ्या.

शेक आणि तेल: खुशाल. निर्गुडीच्या पाल्याचा, गरम पाण्याच्या पिशवीचा, कसाही. त्याने स्नायू सैल पडतात, तासभर बरं वाटतं, तेवढ्यात चालून घ्या. मधुमेह असेल तर आधी हाताने ऊब पाहा, भाजलेलं कळत नाही. पायाळू माणसाचा पाय मात्र नको. पन्नाशीनंतर हाडं किती ठिसूळ झाली आहेत हे बाहेरून दिसत नाही, आणि पाठीवर दिलेल्या दणक्याने मणका दबू शकतो. उसण आपोआप उतरायची असते तेव्हा तो पाय लागतो आणि नाव पायाचं होतं. सासूबाईंचं मन राखायचं असेल तर त्या पायाळू बाईंना जरूर बोलवा, दोन दिवस लावणीला.

गोळ्यांबद्दल सावध राहा. मेडिकलमधून मागून घेतलेली दुखण्याची गोळी दोन-चार दिवस, जेवणानंतर, ठीक; रोजची झाली की पोटात व्रण, रक्तदाब, मूत्रपिंड असं बिल येतं. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय एकही नको. साधी पॅरासिटामॉल कंबरदुखीवर फारशी चालत नाही, हे २०१४ मध्ये मोठ्या अभ्यासात दिसलं. आणि कागदात बांधून मिळणारी बिननावाची पुडी, जिने एका दिवसात जादू होते, ती फेकून द्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे, आणि त्यानेच हाडं पोखरतात. हाडांसाठी नाचणीची भाकरी, सुका जवळा आणि सकाळचं ऊन हे आपल्याकडे आहेच.

आंब्याच्या हंगामामुळे याच विषयावर आणखी पत्रं आली आहेत, त्यांना थोडक्यात. पेट्या भरणाऱ्यांनी पेटी जमिनीवर ठेवून भरू नये, कट्ट्यावर ठेवून भरावी. उचलून टेम्पोत देताना कमरेतून न वळता पावलं फिरवावीत. रिक्षा आणि डंपर चालवणाऱ्यांना खड्ड्यांचे हादरे टळत नाहीत, पण दर तासाला उतरून पाच मिनिटं चालता येतं, आणि उतरल्या उतरल्या लगेच जड सामान उचलू नये. पस्तिशीच्या आतल्या ज्या मुलाने लिहिलंय की सकाळी तासभर कंबर आखडलेली असते आणि काम केल्यावर सुटते, त्याने हे सगळं बाजूला ठेवून संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. ते दुखणं वेगळं असतं आणि त्याची औषधंही वेगळी असतात.

ताई, जूनच्या अखेरीस मला एकदा कळवा: किती मिनिटं चालता, कळशीत किती पाणी उचलता, आणि यजमान तरवा वाहायला कबूल झाले का. पाय लटका पडला किंवा कळ पोटरीखाली उतरली तर तेवढी वाट पाहू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. नाहीतर पुन्हा एमआरआय काढू नका. लावणी संपली की आठवडाभर आडवं व्हायचा मोह होईल. एक दिवस व्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला बाहेर पडा, ऑगस्टात बेणणी (तण काढणं) आहे.